धाकटीला लागलेलं घर

घर शोधण्यात थोरलीचा हात कुणी धरला नसता. शहराच्या ऐन मध्यात कपड्यांचं एक पाच मजली दुकान होतं आणि त्याच्या तळघरात गिऱ्हाइकांचे कपडे मापात आणून द्यायचं काम चालायचं. कुणाची पँट लांब, कुणाच्या कोटाचे खांदे ढगळ, कुणाला सणसणीत किमतीचा झगा घेतल्यावर कळायचं की तो कमरेत बसत नाही. हे सगळं तळघरात उतरायचं आणि थोरलीच्या मशीनखालून जाऊन वर चढायचं. एकोणीस वर्षं ती तिथे बसत होती. खिडकी होती, पण ती रस्त्याच्या पातळीवर. त्यातून फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय दिसत. नुसत्या चालीवरून माणसाच्या पँटची लांबी सांगता येते असं थोरली म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

काम सकाळी आठाला सुरू व्हायचं. त्यासाठी ती साडेपाचला घर सोडायची, कारण घर शहराच्या पार टोकाला होतं. दोन बस, मध्ये दहा मिनिटांची चाल, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला काम जिथे मिळेल तिथे जावं लागे, त्यामुळे त्याला टोक काय नि मध्य काय, सारखंच. लेक नववीत होती. आईची गाठ पडते ती फक्त डोळे चोळताना आणि पेंगताना, असं ती लहान असताना एकदा शाळेच्या निबंधात लिहून आली होती. बाईंनी त्याखाली ‘छान’ असा शेरा मारला होता. थोरलीला त्यात छान काय ते कळलं नाही.

तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं की घर हवं तर कामाच्या जवळच. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असे. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं आसपासच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, हा तिचा सात वर्षांचा नेम. कुठल्या इमारतीत खोली रिकामी होतेय, कुठल्या मालकाला मुलाबाळांची माणसं नकोत, कुठे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. दलाल तर तिला नावानिशी ओळखत. एकाने तिला जिन्याखालची खोली दाखवली होती. तिच्यात दाराजवळच तेवढं ताठ उभं राहता यायचं. थोरलीने तसं म्हटल्यावर तो म्हणाला, “ताई, घरात माणूस बसायलाच येतो की. उभं राहायला बाहेर जागा काय कमी आहे?” ती हसली, आणि बाहेर आल्यावर तिला रडू आलं. कारण ते भाडंसुद्धा तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

उरला एकच रस्ता. मध्यवस्तीत नवा उंच मनोरा बांधायचा तर त्यातली काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना कमी भाड्याने द्यायची, असा नियम होता. अर्ज मागवत, मग सोडत निघे. अर्ज नऊ पानी. पगाराचे दाखले, घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न, आधीच्या मालकाचं पत्र, आणि एक खाडाखोड झाली की अर्ज बाद. सात वर्षांत थोरलीने पाच अर्ज केले. पाचही बिनचूक. तळघरातल्या दोघीतिघींचे अर्जही तिनेच भरून दिले होते. काजं करणारी तिची शेजारीण तिला म्हणायची, “तुझं अक्षर बघूनच ते तुला घर देतील.” पण सोडतीला अक्षर दिसत नाही.

सहावा अर्ज आला तेव्हा इमारत होती दुकानाच्या बरोबर मागच्या रस्त्यावर. चालत सहा मिनिटं. थोरलीने ती पायाभरणीपासून वर चढताना पाहिली होती. अडतीस घरं कमी भाड्याची. तिने अर्ज पहिल्याच दिवशी नेऊन दिला, आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तिने धाकटीला फोन केला.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, सात वर्षांनी लहान. ती थोरलीच्याच वस्तीत दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि तिथेच कोपऱ्यावरच्या बेकरीत काम करायची. नवरा न्हावी, दोन मुलगे लहान. धाकटीचा स्वभाव असा की बस सुटली तर ती हसायची आणि पुढची बस वेळेवर आली तर तिला आश्चर्य वाटायचं. कागद म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. “मला काय करायचंय गं मध्यात राहून? माझी बेकरी इथे,” असं ती म्हणालीसुद्धा. पण थोरलीने तिला दामटलं. भरायला काय जातं, दोघींपैकी एकीला लागलं तरी घरात लागलं, असं तीच म्हणाली. पुढे हे वाक्य तिला फार दिवस चावत राहिलं.

अर्ज थोरलीनेच भरला, बेकरीच्या मागच्या ओट्यावर बसून. धाकटी पिठाच्या हातांनी उभी राहून उत्तरं देत होती. नवऱ्याचं उत्पन्न लिहिताना थोरलीने विचारलं, “आणि रविवारचं?” न्हावी दर रविवारी एका वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायचा, त्याचे थोडे पैसे मिळत. धाकटी म्हणाली, ते काय धरायचं, कधी असतं कधी नसतं. थोरलीने क्षणभर पेन उचलून धरलं आणि मग तो रकाना तसाच सोडून पुढे गेली. धाकटीने सही केली ती पण रेषेच्या बाहेर.

दोन महिन्यांनी सोडत निघाली. धाकटीला घर लागलं. थोरली प्रतीक्षा यादीत एकसष्टावी.

बातमी कळली तेव्हा थोरलीच्या मशीनवर एका नवरदेवाचा कोट होता. धाकटीचाच फोन आला. ती हसत होती का रडत होती ते कळत नव्हतं, आणि “ताई, ताई” याशिवाय तिला काही बोलता येत नव्हतं. थोरलीने “अगं वा” म्हटलं. आणखीही एकदा म्हटलं. मग फोन ठेवून तिने त्या कोटाची बाही शिवली आणि पूर्ण शिवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की अस्तर उलटं लागलंय. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने सगळे टाके उसवले आणि पुन्हा घातले. काजवालीने विचारलं काय झालं, तर म्हणाली, बहिणीला घर लागलं. सगळ्याजणी उठून तिचं अभिनंदन करायला आल्या. तेवढं अर्धं मिनिट तिला कसंसंच झालं. जणू तिचीच काही वस्तू हरवली होती आणि लोक पेढा मागत होते.

थोरलीला आपल्याला मत्सर वाटतो हे कबूल नव्हतं. तिच्या मते तिला फक्त अन्याय दिसत होता. बसमध्ये बसल्यावर ती मनातल्या मनात हिशेब मांडायची. कोण सात वर्षं उन्हातान्हात हिंडलं? अर्ज कुणी भरला? जिची बेकरी वस्तीच्या कोपऱ्यावर, तिला आता पहाटे उलटी बस धरून टोकाला यावं लागणार, आणि जिचं काम त्या घराच्या दारात, ती रोज त्या घरावरून जाणार. दात आहेत त्याला चणे नाहीत म्हणतात ते हेच. नवऱ्याला तिने हे एकदोनदा ऐकवलं. तो भला माणूस होता. तो म्हणाला, “आता त्या बिचारीने काय मुद्दाम केलं का?” हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

सामान हलल्यावर पहिल्या रविवारी धाकटीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. इमारतीला पुढून काचेचं मोठं दार होतं, त्यात उभा असलेला दरबानही काचेसारखाच चकचकीत. कमी भाड्याच्या लोकांसाठी दार मागच्या गल्लीत होतं, कचऱ्याच्या डब्यांना लागून. हे पाहून थोरलीला बरं वाटलं. लिफ्ट लहान होती आणि कण्हत होती. त्यानेही बरं वाटलं. पण चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि बरं वाटण्यासारखं काही उरलं नाही.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंती कोऱ्या. नळ सोडला की पाणी धो धो. आणि बैठकीच्या खोलीला एवढी मोठी खिडकी की तिच्यात दुकानाची मागची अख्खी भिंत दिसत होती, वरपासून खालपर्यंत, अगदी खाली तळघराच्या खिडकीची जाळीसुद्धा. थोरली तिथे उभी राहून आपल्या मशीनची जागा शोधत होती. तिची लेक तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि सहज म्हणाली, “मावशी, मी इथेच राहू का गं?” सगळे हसले. थोरलीही हसली.

तिने दोष काढायला सुरुवात केली ती जेवताना. कपाटाला जागा कमी आहे. दुपारी ऊन तोंडावर येत असणार. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न मुलांना झोपू देणार नाहीत. धाकटी प्रत्येक गोष्टीला “हो ना” म्हणत राहिली. तिला मुळात वाद घालायचाच नव्हता, इतकी ती खूश होती. आणि निघताना तिने थोरलीचा हात धरून सांगितलं की आता तू त्या तळघरात डबा नको खाऊस, रोज दुपारी इथे येत जा, मी कामावर असले तरी हे असतात, चार घास गरम खा, थोडी आडवी हो.

तिने ते मनापासून सांगितलं होतं. थोरलीला मात्र ते जिव्हारी लागलं. जे घर आपलं व्हायचं, त्यात दुपारी वीस मिनिटं पाहुणीसारखं आडवं व्हायचं, ही कल्पना तिला गिळवेना. वर धाकटी म्हणाली, “तू उगाच एवढी वर्षं जिवाला लावून घेतलंस ताई. अर्ज केला नि मिळालं, एवढंच तर होतं.”

पुढचे आठ दिवस हे वाक्य तिच्या कानात मशीनसारखं चालत राहिलं.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती टपाल कार्यालयात गेली. तिथल्या दोरीने बांधलेल्या पेनाने तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या. आपलं वळणदार अक्षर तिने मुद्दाम मोडलं, आडवंतिडवं केलं. अमुक क्रमांकाच्या अर्जात कुटुंबाचं एक उत्पन्न लपवलेलं आहे, पतीला रविवारच्या कामाचे पैसे मिळतात, चौकशी व्हावी. खाली ‘एक नागरिक’. अर्जाचा क्रमांक तिला पाठ होता. तिनेच तर तो वरच्या कोपऱ्यात लिहिला होता. घरवाटप कार्यालय तिथून तीन चौक लांब. दाराशी तक्रारींची पेटी होती. कागद टाकताना तिला ठाऊक होतं की धाकटीचं घर गेलं तरी ते तिला मिळणार नाही, मध्ये साठ जण होते. तरी तिने टाकला. आपल्याला मिळावं ही गोष्ट कधीच मागे पडली होती. धाकटीला मिळू नये, एवढंच उरलं होतं.

कामावर परतताना तिला हलकं वाटलं. संध्याकाळी बसमध्ये मात्र ती आपल्या थांब्यावर उतरायचं विसरली.

महिनाभराने धाकटी तळघराच्या दाराशी उभी. तिचा चेहरा पाहून थोरलीच्या हातातली टाचणी बोटात गेली. धाकटीच्या हातात कार्यालयाचं पत्र होतं. तक्रार आली आहे, दहा दिवसांत पुराव्यांसह खुलासा करा, नाहीतर वाटप रद्द होऊ शकतं. वस्तीतली खोली सोडलेली, तिथे दुसरं बिऱ्हाड आलेलं. घर गेलं तर मुलांना घेऊन जायचं कुठे, हे तिला सुचत नव्हतं. तिने पत्र थोरलीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, “ताई, तूच बघ काय ते. मला यातलं अक्षर कळत नाहीये.”

आपणच केलेल्या तक्रारीला उत्तर लिहिणं थोरलीच्या वाट्याला आलं. आणि तिने ते असं लिहिलं, जसं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. चार दिवस तिने दुपारचं जेवण सोडलं. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाकडून वर्षभराच्या रविवारांचा दाखला आणला, त्यात न्हावी किती रविवार आला नाही तेही लिहून घेतलं. सगळं उत्पन्न पुन्हा मांडलं. रविवारचे पैसे धरूनही ते मर्यादेच्या आतच बसत होतं, थोडक्यात, पण बसत होतं. हे पहिल्याच वेळी लिहिलं असतं तरी चाललं असतं. खुलाशात तिने लिहिलं की रकाना भरण्यात चूक झाली, ती अर्जदाराची नसून अर्ज भरून देणाऱ्या व्यक्तीची आहे. खिडकीवरच्या कारकुनाने ते वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहत विचारलं की ती व्यक्ती कोण. “मी,” थोरली म्हणाली. त्याने पुढच्या वेळी नीट भरत जा म्हणून सुनावलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, समज देऊन वाटप कायम.

इथे प्रकरण मिटलं असतं तर थोरली कदाचित ते पोटात घालून म्हातारी झाली असती. पण धाकटीला एक प्रश्न पडला होता, तक्रार केली कुणी? रविवारच्या कामाचं फक्त दोघींना माहीत होतं. एक ताई. दुसरी वस्तीतली शेजारीण काकू, जी स्वेटर विणायची आणि रविवारी धाकटीची मुलं सांभाळायची. ताईचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे काकू. धाकटी, जी कधी कुणावर आवाज चढवत नव्हती, ती बेकरीतून सुटल्यावर थेट काकूंच्या दारात गेली आणि चार माणसांत त्यांना वाटेल ते बोलून आली. आमचं बरं झालेलं तुम्हाला बघवलं नाही, इथपर्यंत बोलली. थोरलीला हे तिने स्वतःच सांगितलं, फोनवर, अजून धापा टाकत. थोरली म्हणाली, “जाऊ दे आता, मिटलं ना.”

त्यानंतरच्या रविवारी दुपारी काकू थोरलीच्या दारात आल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखत होते, जिना चढून आल्यामुळे बराच वेळ बोलताच आलं नाही. पिशवीतून त्यांनी एक लहान स्वेटर काढला, धाकटीच्या लहान मुलासाठी विणायला घेतलेला. एक बाही व्हायची होती. त्या म्हणाल्या की ती माझा फोन घेत नाही, तू मोठी आहेस, तुझं ऐकेल. पोराचं माप मला पुन्हा घ्यायला मिळेल असं वाटत नाही, तर अंदाजाने बाही पुरी करते, तेवढा तिच्याकडे पोचव.

“आणि तिला सांग,” काकू म्हणाल्या, “मी असलं काही केलं नाही. मला तर ते ऑफिस कुठे आहे तेही माहीत नाही गं.”

थोरलीने त्यांना पाणी दिलं. चहा दिला. हात धरून जिन्याच्या खाली पोचवलं. वर आली तर नवरा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. बहुतेक त्याला कळलं असावं. तिने चपला पायात सरकवल्या आणि मिळेल ती बस धरली.

धाकटीच्या घरी ती पोचली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. न्हावी टॉवेलांच्या घड्या घालत होता, मुलं जमिनीवर चित्रं काढत होती. धाकटीला आनंद झाला. ताई बोलावल्याशिवाय आली असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. थोरली खाली बसली नाही. तिला भीती होती की बसली तर बोलणं राहून जाईल.

“काकूंनी तक्रार केली नाही,” ती म्हणाली. “मी केली.”

धाकटी हसली. तिला वाटलं ताई काकूंना वाचवतेय. मग थोरलीने टपाल कार्यालय सांगितलं, दोरीने बांधलेलं पेन सांगितलं, ‘एक नागरिक’ सांगितलं. न्हाव्याचे हात टॉवेलावर थांबले. त्याने मुलांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

धाकटीने विचारलं ते थोरलीने अपेक्षिलं नव्हतं.

“मग खुलासा का लिहिलास? लिहिला नसतास तर झालंच होतं तुझं काम.”

ते थोरलीलाही माहीत नव्हतं.

“तुला हे घर हवं होतं?”

“हवं होतं. पण म्हणून नाही केलं.” थोरलीने खिडकीकडे पाहिलं नाही. “तुला मिळालेलं बघवत नव्हतं. अजूनही बघवत नाही. हे खोटं सांगून काय करू?”

“मी तुला रोज जेवायला ये म्हणाले होते ताई.”

“तेच बघवलं नाही.”

धाकटीने मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाचा हिशेब पटला. मग ती म्हणाली, “तू आता जा.” ओरडली नाही. न्हावी थोरलीला लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्ट येईपर्यंत दोघंही दारावरच्या आकड्याकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी धाकटी काकूंकडे गेली आणि त्यांच्या पाया पडली, असं काकूंनीच नंतर सांगितलं. मुलं पुन्हा रविवारी तिकडे जाऊ लागली. पण थोरलीशी बोलणं बंद झालं. सात महिने. त्या सात महिन्यांत थोरलीने एकही गल्ली पालथी घातली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती तळघरातच बसायची. कुठल्या इमारतीत खोली रिकामी झाली म्हणून काजवालीने सांगितलं, तर ती म्हणायची, बघू. घर शोधायची तिला लाज वाटायला लागली होती. आणि गंमत म्हणजे मत्सर काही गेला नाही. शिक्षा भोगली की दुखणं जातं असं तिला वाटलं होतं. पण मागच्या रस्त्याने जाताना ती अजूनही मान खाली घालायची, आणि चौथ्या मजल्यावर दिवा आहे की नाही ते तिला न बघताही कळायचं.

सात महिन्यांनी एका बुधवारी दुपारी धाकटी तळघरात आली. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. तिने सांगितलं की दुसऱ्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड गेलं, त्यांचं उत्पन्न वाढलं म्हणून. रिकामं झालेलं घर प्रतीक्षा यादीतून भरतात. यादीतले कितीतरी लोक मधल्या काळात गळाले. पण वर्ष झालं की यादीवर पुन्हा सही करावी लागते, नाहीतर नाव कटतं, आणि शेवटची तारीख उद्या.

“तू केली नसशील,” धाकटी म्हणाली. “मी खिडकीवर विचारून आले.”

थोरलीने खरंच केली नव्हती. ती उठली, मुकादमाला सांगून बाहेर पडली आणि दोघी तीन चौक एकमेकींशी न बोलता चालत गेल्या. सही करून झाल्यावर कारकुनाने सांगितलं की आता तुमचा नंबर नववा. बाहेर आल्यावर थोरलीने विचारलं, “तू कशाला आलीस?” धाकटी म्हणाली, “तुला घर मिळालं की तू माझ्या घराकडे बघायची थांबशील म्हणून.” तिने हे चेष्टेत म्हटलं की खरं, ते थोरलीने विचारलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं घर त्या वेळी दुसऱ्याच कुणाला मिळालं. थोरलीचा नंबर यायला आणखी चौदा महिने लागले. त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी, हात लांब केला तर भिंतीला लागेल. पण कामावरून घर सहा मिनिटं. पहिल्या संध्याकाळी ती पाच वाजून दहा मिनिटांनी घरात होती. लेक अभ्यासाला बसली होती, आईला दारात बघून तिने घड्याळाकडे पाहिलं. नवऱ्याने दाराला पाटी रंगवली, आडनावाच्या खाली एक बारीक रेघ ओढली, आणि ती सरळ आली का म्हणून तिघंही लांब जाऊन बघत राहिले.

त्याच आठवड्यात थोरली चौथ्या मजल्यावर मीठ मागायला गेली, आणि त्या मोठ्या खिडकीतलं ऊन बघून पुन्हा आत काहीतरी टोचलं. ते तिने धाकटीला सांगून टाकलं. धाकटी म्हणाली, “टोचू दे. मी काय खिडकी कापून देऊ?” आणि मीठ दिलं.

आता दोघींची ये-जा असते. काकू महिन्यातून एकदा येतात, लिफ्टने थेट वर जातात आणि उतरताना थोरलीकडे चहा घेतात. सगळं ठीक आहे असं कुणीही म्हणेल. फक्त दर वर्षी उत्पन्नाचा नवा तक्ता भरून द्यायचा असतो, आणि धाकटी तो घेऊन खाली येते तेव्हा थोरलीच्या पुढ्यात ठेवत नाही. ती तो थोरलीच्या लेकीपुढे ठेवते. लेकीचं अक्षर आईसारखंच आहे. दोघी डोक्याला डोकं लावून टेबलाशी बसतात, मावशी उत्तरं सांगते, भाची मोठ्याने वाचत लिहिते, मध्येच दोघींना कशाचं तरी हसू फुटतं. थोरली ओट्याशी उभी राहून भाजी चिरते आणि कान तिकडे असतात.

गेल्या वेळी लेकीने एक आकडा चुकीच्या रकान्यात भरला. थोरलीला तो ऐकूनच कळला. ती भाजी चिरत राहिली. थोड्या वेळाने लेकीच्याच लक्षात आलं, तिने नवा कागद घेतला, आणि धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तू आहेस म्हणून मला काळजी नाही गं.” थोरलीने सुरी खाली ठेवली, हात धुतले, आणि ते कोरडे होईस्तोवर पदराला पुसत राहिली.